ओलेमी भाषेची ध्वनिव्यवस्था : कामाच्या नोंदी

२ जून २०२४ : काम काय आहे

मराठी श्राव्यमालिकेत एका काल्पनिक बेटावरच्या लोकांच्या तोंडी घालायची भाषा. नाव ओलेमी. साधारण चारशे शब्द लागतील. कलाकार सगळे मराठी बोलणारे, संहिता देवनागरीत, संवाद पाठ न करता समोर कागद ठेवून वाचायचे. श्रोत्याला फक्त ऐकू येणार, त्याच्यासमोर अक्षर नाही की चित्र नाही.

यातून तीन अटी निघतात. अर्ध्या वाक्यात ही भाषा परकी वाटली पाहिजे. एकच शब्द कोणीही वाचला तरी सारखाच ऐकू आला पाहिजे. आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही शब्द एकमेकांपासून वेगळे कळले पाहिजेत. व्याकरण नंतर. आधी ध्वनी पक्के झाले नाहीत, तर पुढे प्रत्येक बदलापायी अख्खा शब्दसंग्रह पुन्हा लिहावा लागतो.

९ जून : पहिला आराखडा आणि त्याचे काय झाले

पहिल्या आराखड्यात सत्तावीस व्यंजने होती. क़ आणि ख़, कंठातला दाब एकदम सोडून काढायचे तीन स्पर्शध्वनी, जिभेच्या कडांवरून हवा घासत काढायचा ल, शिवाय ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेद. कागदावर फार देखणे दिसत होते.

पहिल्याच वाचनात त्यातले अर्धे गळाले. क़ चा क झाला. दाबाचे स्पर्शध्वनी सरसकट महाप्राण झाले, म्हणजे क चा ख आणि त चा थ. यात कलाकारांचा दोष नाही. मराठी कानाला ‘क पेक्षा जोरकस काहीतरी’ ऐकू आले की त्याच्याकडे आधीपासून एक कप्पा तयार असतो आणि तो महाप्राणाचा आहे. घासता ल कोणी श्ल वाचला, कोणी थ्ल.

ध्वनिमुद्रणाची खोली ताशी ७०० रुपयांची. तीन तासांचे मुद्रण बाद झाले. म्हणून सल्ला असा की ध्वनी ठरेपर्यंत मोबाइलवरच मुद्रण करा. उच्चार एकसारखे येतात की नाही हे समजायला तेवढे पुरते.

मुद्रणाचे हेच तुकडे काही श्रोत्यांना ऐकवून ‘ही कुठली भाषा?’ एवढेच विचारले. बहुतेकांनी उर्दू किंवा अरबी सांगितले. क़ आणि ख़ आले की आपला कान दुसरे काही ऐकतच नाही.

१४ जून : बेरीज बंद, वजाबाकी सुरू

परकेपणा आणायला नवे ध्वनी घालायचे नाहीत, मराठीतले ध्वनी काढायचे, असे ठरले. या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी ठरलेला निर्णय हाच. नसलेला ध्वनी उच्चारायला कोणाला शिकवावे लागत नाही.

काढले ते असे. सगळे महाप्राण गेले. मूर्धन्य वर्ग (ट, ड वगैरे) अख्खा गेला, ण आणि ळ यांच्यासह. ळ एकदा जरी आला तरी श्रोता ‘आपल्याकडचीच कुठली तरी भाषा’ म्हणतो. मग च आणि ज. त्यांचा त्रास वेगळा आहे. मराठीत ‘चार’मधला च तालव्य, ‘चाक’मधला दंत्य, आणि लिपीत दोन्हींना एकच अक्षर. नव्या शब्दात च दिसला की कोणता काढायचा हे वाचणारा मनाने ठरवतो आणि दर वेळी वेगळे ठरवतो. नंतर इ-ए आले तर तालव्य, एरवी दंत्य असा नियम करून पाहिला. उच्चार एकसारखे आले, पण ऐकणारे ‘कोकणी आहे का?’ म्हणाले. च-ज रद्द. श सुद्धा काढला, एकटा स राहू दिला. मग कोणाच्या तोंडी सि चा शि झाला तरी अर्थाचा गोंधळ होत नाही.

१८ जून : प आणि ग ची रिकामी घरे

उरलेले स्पर्श प त क, ब द ग. इतकी चौकोनी मांडणी बनावट वाटते. खऱ्या भाषांत इथे अनेकदा भोके असतात आणि तीही ठरावीक जागी. अघोषांत (प त क) गळायचा तर बहुधा प गळतो, घोषांत (ब द ग) ग. कारण शरीरात आहे. घोष, म्हणजे स्वरयंत्राचा कंप, चालू ठेवायला स्वरयंत्रातून हवा वर येत राहावी लागते आणि तिला तोंडात जागा लागते. ब साठी ओठ मिटले की मागे सगळे तोंड मोकळे असते. ग साठी जीभ मागेच टेकते, जागा पटकन भरते, घोष अडतो. प्रमाण अरबीत ब आहे, प नाही. थाईत ब-द आहेत, ग नाही.

ओलेमीतूनही प आणि ग काढले. पण काढून भागत नाही, ते कुठे गेले हे ठरवावे लागते, नाहीतर शब्दांची एकमेकांशी नाती लागत नाहीत. प साठी दोन वाटा घेतल्या. शब्दारंभी प चा ह, जसा कन्नडमध्ये झाला : तमिळ पाल, कन्नड हालु, दोन्हींचा अर्थ दूध. दोन स्वरांमध्ये प चा व, जसा आपल्याच भाषेच्या पूर्वेतिहासात झाला : दीप ते दिवा, ताप ते ताव. ग चा सर्वत्र य. नंतर इ-ए आले तर तो य सुद्धा लोपतो आणि उरलेले दोन स्वर एकमेकांत मिसळतात.

ह वर आणखी एक बंधन घालावे लागले. तो फक्त शब्दाच्या सुरुवातीला येतो. मराठी बोलण्यात दोन स्वरांमधला ह टिकत नाही, ‘आहे’ भराभर म्हणताना ‘आए’ होते. जो ध्वनी कलाकाराच्या तोंडून दर दुसऱ्या वाक्यात निसटणार, त्यावर शब्दांचा भेद टांगू नये.

२३ जून : अ ला रजा

सर्वांत जास्त वेळ इथे गेला.

आराखड्यात सहा स्वर होते, अ धरून. संहितेत ‘नलमेता’ असा शब्द. एकाने नल्मेता वाचले, दुसरीने न-ल-मे-ता. ‘तोरम’ हा शब्द शेवटी म् की म, हे कोणालाच कळेना. मराठी वाचताना आपण अक्षराच्या पोटातला अ कुठे म्हणायचा आणि कुठे गाळायचा हे नकळत ठरवतो, कारण शब्द ओळखीचा असतो. अनोळखी शब्दात तो आधार नाही.

आधी हलन्ताची चिन्हे घातली : नल्मेता, तोरम्. पाने जड झाली, डोळा अडखळू लागला. मग प्रत्येक अ खाली बिंदू छापला. तेही फसले, कारण वाचण्याच्या भरात बिंदू कोणी पाहत नाही.

शेवटी अ च काढून टाकला. स्वर पाच : आ, इ, उ, ए, ओ. याचे दोन फायदे झाले, त्यातला दुसरा अपेक्षित नव्हता. पहिला, मराठीत पदोपदी येणारा स्वरच नाहीसा झाल्याने भाषा ताबडतोब परकी वाटू लागली. कुठल्याही विचित्र व्यंजनाने हे साधले नव्हते. दुसरा लिपीतला. आता प्रत्येक स्वराला मात्रा आहे, म्हणून बिनमात्रेचे अक्षर म्हणजे स्वर नसलेले व्यंजन. ‘कालबे’ हा शब्द हलन्त न लावता सगळे काल-बे असाच वाचतात. देवनागरीत काल्पनिक भाषा लिहिणार असाल तर ही युक्ती आधी करून पाहा.

२७ जून : लांबी स्वरांत नको, व्यंजनात ठेवा

ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पहिल्या आराखड्यातून राहिला होता. मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांचा भेद मुख्यतः लेखनात आहे, उच्चारात लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. शेवटचा स्वर आपण लांबवतोच. ‘प्राट’ या मोफत प्रणालीत लहरी काढून स्वर मोजले, तर ऱ्हस्व म्हणून लिहिलेला अंत्य इ आणि दीर्घ लिहिलेला अंत्य ई यांत काही फरक दिसला नाही.

पण पता आणि पत्ता यांतला फरक मराठी माणूस न चुकता करतो. म्हणून भेद तिकडे नेला : मेतो म्हणजे दोर, मेत्तो म्हणजे भरती. प्राटमध्ये त्त चा बंद काळ (हवा अडून राहते तो वेळ) त च्या साधारण दुप्पट येतो आणि सगळ्या कलाकारांचा येतो. द्वित्त करायला परवानगी फक्त त, क, म, न, स, ल यांना. ब्ब आणि द्द ऐकू नीट येत होते, पण त्यांनी शब्दाला हिंदी वळण दिले.

लेखनात अंत्य इ-उ दीर्घ, बाकी ऱ्हस्व. उच्चारासाठी याचा अर्थ शून्य. डोळ्याला सवय आहे म्हणून ठेवले, एवढेच.

१ जुलै : बंधनांचा तक्ता

व्यंजने आता तेरा : त क ब द म न ङ स ह व य र ल. पण यादी म्हणजे व्यवस्था नव्हे. कोणता ध्वनी कुठे येऊ शकत नाही, यावरून भाषेला चेहरा येतो.

र शब्दारंभी येत नाही. जुन्या तमिळमध्येही असेच, म्हणून राम तिथे इरामन झाला. ति नाही, त पुढे इ आला की त चा स होतो. फिनिशमध्ये हे झालेले आहे. याने व्याकरणाला फुकट रंग मिळतो : नुलेता म्हणजे होडी, अनेकवचनी प्रत्यय इ, म्हणून होड्या म्हणजे नुलेसी. यि, ये, वु, वो नाहीत. मराठीत आरंभीचा ए ये कडे झुकतो आणि ओ वो कडे, ‘एक’ बोलताना ‘येक’ होतोच. ये आणि वो हे वेगळे ध्वनी म्हणून ठेवलेच नाहीत, तर ओलेमी कोणी वोलेमी म्हटले तरी बिघडत नाही.

अक्षराच्या शेवटी न, ल, र किंवा द्वित्ताचा पहिला भाग. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा ल. अनुनासिक पुढच्या व्यंजनाच्या वर्गाचा, म्हणजे अनुस्वार आपला नेहमीसारखाच.

पुरतील का इतके शब्द? हलकी अक्षरे (एक व्यंजन आणि एक स्वर) ६५, त्यातल्या ति, यि, ये, वु, वो या ५ वर बंदी, उरली ६०. शब्दारंभी र ची ५ वजा, नुसत्या स्वरांची ५ जमा, पुन्हा ६०. दुसऱ्या जागी ह ची ५ वजा, ५५. दोन हलक्या अक्षरांचेच ३३०० शब्द होतात. चारशेला भरपूर.

६ जुलै : नियमांचा क्रम

एक नियम नंतर वाढवला : शब्दाच्या शेवटी ए चा इ. लगेच यादीत ‘ति’ असलेले शब्द दिसू लागले. कारण क्रम. मूळ बालेते. आधी त चा स हा नियम लावला तर इथे इ नाहीच, काही होत नाही, मग ए चा इ होऊन बालेती उरते. आधी ए चा इ केला तर बालेति, मग त चा स, बालेसी. दुसरा क्रम घेतला.

प च्या बाबतीतही असेच झाले. मधल्या प चा व केल्यावर, नंतर ओ-उ असेल तिथे वो आणि वु तयार झाले, आणि ते तर बंद. तिथे प चा ब करायचे ठरवले.

नियम क्रमांक घालून एकाच ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक शब्दाचे मूळ रूप जपून ठेवा. नुसती अंतिम रूपे ठेवलीत तर क्रम बदलता येत नाही.

११ जुलै : शब्द पाडणारी आज्ञावली

पायथन या संगणकभाषेत लहानशी आज्ञावली. पहिली अडचण देवनागरीची. संगणक अक्षरे मोजत नाही, सांकेतिक बिंदू मोजतो, ‘मेत्तो’ हे त्याच्या लेखी सहा तुकडे. क़ तर दोन प्रकारे साठवला जातो : स्वतंत्र चिन्ह म्हणून आणि क अधिक नुक्ता म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच, शोधताना जुळत नाहीत. युनिकोड या अक्षरसंकेताचे सामान्यीकरण (एनएफसी प्रकारचे, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे एकच रूप ठरवणारे) केले की क़ दोन तुकड्यांत फुटतो, ऱ मात्र एकच चिन्ह राहतो. म्हणून आत प्रत्येक ध्वनीला एकच अंक दिला, सगळे नियम अंकांवर चालवले, आणि देवनागरी फक्त शेवटच्या पायरीवर छापली.

दुसरी अडचण कानाची. सगळ्या ध्वनींना सारखी संधी दिली तर शब्द फासे टाकून काढल्यासारखे येतात. कोणत्याही भाषेत थोडे ध्वनी फार वापरले जातात, बाकीचे कमी. शंभरात वजने दिली : न १५, त १४, ल १२, क ११, म १०, स ९, र ८, ब ६, व ५, द ४, य ३, ह २, ङ १. स्वर : आ ३५, ए २२, ओ १८, इ १५, उ १०. जिथे बंदी तिथे शून्य. एवढ्यानेच यादी एका भाषेची वाटू लागली.

तिसरी, मराठी शब्दांची टक्कर. कान, दान, बोल, नाला असे शब्द आपोआप पडतात. मुक्त परवान्यात मिळणाऱ्या मराठी शब्दतपासणीच्या यादीशी ताडून ते काढले. हिंदी-इंग्रजीशी जुळणारे हाताने काढले. शिव्या तर हातानेच शोधाव्या लागतात, आणि दोन शब्दांच्या सांध्यावर तयार होणाऱ्या वेगळ्या शोधाव्या लागतात. त्यासाठी वाक्ये मोठ्याने वाचणे हाच उपाय. एकाक्षरी नामे सरळ बंद केली. टक्कर तिथेच सर्वांत जास्त होते.

१७ जुलै : ‘जपानी आहे का?’

नवे तुकडे ऐकवल्यावर हा प्रश्न वारंवार आला. कारण स्पष्ट होते. पाच स्वर आणि बहुतेक अक्षरे स्वरान्त. दर तीन शब्दांत एकाच्या मध्ये तरी र किंवा ल बंद (व्यंजनाने संपणारे) अक्षर आणेल अशी वजने बदलली : कालबी, तोरना, मेल्लुन. ओ ने संपणारे शब्दही कमी केले. त्यानंतर उत्तरे विखुरली, आणि तेच हवे होते. सगळे श्रोते एकाच भाषेचे नाव घेत असतील तर काम अजून बाकी आहे.

२२ जुलै : ङ

एकच अनोळखी गोष्ट ठेवली, शब्दारंभीचा ङ. मराठीत तो ‘अंक’ आणि ‘रंग’मध्ये रोज येतो, आरंभी कधीच नाही. म्हणजे जिभेला माहीत आहे, फक्त जागा नवी. तरी पहिल्यांदा न्गा किंवा ना असेच येते. सराव असा : ‘रंग’ म्हणताना ग येण्याआधी थांबा, नाकातला आवाज लांबवा, त्यावरच आ सोडा. मग सुरुवातीचा ‘र’ मनात म्हणा. काहींना दहा मिनिटांत जमते, काहींना आठवडा लागतो.

हा ध्वनी दुर्मिळ शब्दात लपवू नका. ओलेमीत तो प्रश्नाच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘ङा’ मध्ये ठेवला आहे, म्हणून प्रत्येक प्रसंगात त्याचा सराव होतो. वर ङ ला दिलेले १ हे वजन शब्दकोशातल्या नामांचे आहे, बोलण्यातले नाही. छपाईत ङ हा ड सारखा दिसतो आणि घाईत ड वाचला जातो. संहितेत तो दोन आकार मोठा आणि अधोरेखित छापला, तेव्हा थांबले.

३ ऑगस्ट : सूर

ध्वनी सगळे बरोबर, तरी पूर्ण संवाद मराठीच वाटत होता. शब्द ओलेमीचे, पण वाक्याची चाल आपली : प्रश्नाला शेवटी चढ, आर्जवात शेवटचा स्वर ओढलेला.

आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर बांधला. प्रत्यय लागला की तो पुढे सरकतो : नुलेता मध्ये ले वर, नुलेतानो मध्ये ता वर. संहितेत त्या अक्षराखाली लाल रेघ. प्रश्नात शेवटी चढ बंद, प्रश्नाची खूण ‘ङा’ करतो आणि सूर तिथेच उंच असतो, मग वाक्यभर उतरत जातो. हे कलाकारांना सर्वांत जड गेले, ङ पेक्षाही. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा : शब्द न म्हणता फक्त ‘ना-ना-ना’वर वाक्याची चाल म्हणून घ्यायची आणि मग शब्द भरायचे.

१० ऑगस्ट : मोबाइलवर ऐकून

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत मिसळलेले प्रसंग छोट्या स्पीकरवर, रस्त्याच्या आवाजात ऐकले. म-न आणि ब-व यांत घोटाळा होतो. ध्वनी बदलले नाहीत, नावे बदलली. दोन मुख्य पात्रांच्या नावांत पहिले व्यंजनही वेगळे असावे आणि पहिला स्वरही. मेनो आणि नेमो अशी जोडी एका मालिकेत चालत नाही.

१८ ऑगस्ट : बाहेरची नावे

व्यवस्था नीट बसली का, हे बघायची उत्तम कसोटी म्हणजे बेटावरचे लोक आपली नावे कशी म्हणतील ते काढणे. सातारा जसाच्या तसा जातो. राम इरामा होतो. मुंबई मुंबे, आ आणि इ मिसळून ए.

पुणे येथे अडले. जुना नियम लावला तर हुने येते, आणि पहिल्या संहितेत तसेच होते. पण प चा ह हा बदल त्यांच्या भाषेत केव्हाच होऊन गेलेला आहे, आज कानावर पडलेल्या नावाला तो लागत नाही. आज बोलणारा त्याच्याकडचा सर्वांत जवळचा ध्वनी घेईल. ओठांवरचा स्पर्श त्याच्याकडे एकच आहे, ब. प नसलेले अरबी भाषकही असेच ब म्हणतात. म्हणून बुने. अंत्य ए चा इ हाही जुनाच नियम, तोही इथे लागत नाही. त्याच न्यायाने गोवा म्हणजे कोवा. कोल्हापूर म्हणजे कोलाबुरा, शेवटी र चालत नाही म्हणून आ. सांगलीतला अनुस्वार आणि ग मिळून ङ, त्यापुढे ल टिकत नाही म्हणून मध्ये आ : साङाली.

संहितेतली सगळी परकी नावे या दुसऱ्या तक्त्याने बदलली. दोन तक्ते आता वेगळ्या पानांवर आहेत : एक जुन्या शब्दांचा, क्रमांक घातलेला, आणि एक आजच्या उसन्या शब्दांचा, ज्यात क्रम लागत नाही.